चौकात मामा पायजे का फौजफाटा? सांगलीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गणपती जवळ आले किंवा कुठं एखादा कोयता निघाला की दुकानात येणारं प्रत्येक माणूस तेच तेच विचारतं, की गल्लीत ओळखीचा पोलीस बरा (त्यालाच कम्युनिटी पोलिसिंग म्हणतात) का मोठा बंदोबस्त, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मी पोलीस नाही आणि वकील तर नाहीच नाही. गणपती पेठेत किराण्याचं होलसेल दुकान आहे, मंडळात वीसेक वर्षं आहे आणि शांतता कमिटीच्या मीटिंगचा चहा सात-आठ वेळा पिऊन आलोय, एवढीच काय ती लायकी. पटलं तर घ्या.

कम्युनिटी पोलिसिंग म्हणजे नेमकं काय ओ? साध्या मराठीत सांगा.

साध्या मराठीत सांगायचं तर चौकातल्या हवालदाराला तुम्ही मामा म्हणता का साहेब, एवढाच फरक. मामा म्हणजे ज्याला माहिती असतं की या बोळात कोण राहतंय, कुणाचं पोरगं हल्ली रात्री उशिरा येतंय, कुठल्या दोन भावांचं वाटणीवरनं वाजलंय. आणि साहेब म्हणजे गाडीतनं उतरतो, काठी आपटतो, पाच मिनिटांत दुकानं बंद करायला लावतो आणि निघून जातो, त्याला तुमचं नाव माहीत नसतं आणि तुम्हाला त्याचं.

पुस्तकी भाषेत सांगायचं झालं तर पोलीस आणि वस्तीतली माणसं दोघांनी मिळून आधी ठरवायचं की आपल्या भागातला त्रास काय आहे, मग तो गुन्हा व्हायच्या आधीच मिटवायचा. हे काय नवीन खूळ नाही. १८२९ ला लंडनमध्ये रॉबर्ट पील नावाच्या गृहमंत्र्यानं पोलीस खातं काढलं तेव्हा पोलीस म्हणजे लोकांतलाच माणूस, फक्त त्याला त्या कामाचा पगार मिळतो, हाच विचार त्याच्यामागं होता. आपल्याकडं मात्र इंग्रजांनी तो विचार आणलाच नाही. १८५७ चं बंड झाल्यावर १८६१ चा पोलीस कायदा आला, आणि तो आयर्लंडमधल्या पोलिसांच्या धर्तीवर होता, म्हणजे लोकांना दाबात ठेवायला उभी केलेली फौज. राज्य बदललं पण चौकात काठी आपटायची सवय तिथनंच आलीय असं माझं मत आहे.

म्हणजे तुम्ही बंदोबस्तच नको म्हणताय का?

नाही ओ. अनंत चतुर्दशीला मिरजेची मिरवणूक बघितलीय का कधी? ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, रस्ता अरुंद, वर कमानी, खाली गर्दी. तिथं बंदोबस्त नको म्हणणारा माणूस एकतर मिरजेचा नाही किंवा त्या रात्री घरात झोपलेला असणार. एसआरपी (राज्य राखीव दल), होमगार्ड, आरसीपी (दंगल नियंत्रण पथक) सगळं लागतं.

माझं म्हणणं एवढंच की बंदोबस्त एक रात्र चौक धरून ठेवतो. बाकीच्या ३६४ दिवसांत जे शिजतंय त्याची त्याला खबर नसते.

पण जास्त पोलीस दिसले की गुन्हे कमी होतात, हे साधं गणित आहे की?

मलाही तसंच वाटायचं. पण १९७२-७३ ला अमेरिकेत कॅन्सस सिटीत याचा खरोखर प्रयोग झाला. १५ बीटचे (बीट म्हणजे एका पोलिसाला नेमून दिलेला भाग) तीन गट पाडले, एका गटात नेहमीची फिरती गाडी बंदच केली, फक्त फोन आला तर जायचं, दुसऱ्यात दुप्पट-तिप्पट गाड्या सोडल्या आणि तिसऱ्यात आहे तसं ठेवलं. वर्षभरानं बघितलं तर गुन्ह्यांत फारसा फरकच नाही, आणि गंमत म्हणजे लोकांना पण कळलं नव्हतं की गाड्या कमी झाल्यात का वाढल्यात.

मग १९७८-७९ च्या सुमाराला न्यूअर्क नावाच्या शहरात पोलिसांना गाडीतनं उतरवून पायी फिरवलं. त्यानं पण गुन्ह्यांचा आकडा काय फारसा खाली आला नाही, पण लोकांची भीती कमी झाली, लोक बाहेर बसायला लागले, पोलिसांबद्दल बरं बोलायला लागले. आता कुणी म्हणेल भीती कमी होऊन काय उपयोग. तर भीती कमी झाली की रात्री नऊला दुकानं उघडी राहतात, बायका शतपावलीला बाहेर पडतात, आणि रस्त्यावर आपली माणसं असली की चोर तिथं येत नाही. आमच्या पेठेत शटर फोडायचे प्रकार व्हायचे ते सगळे रात्री दोन ते चारच्या मधले, भर गर्दीत कुणी शटर फोडत नाही.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पायजे. ठरावीक बदनाम कोपऱ्यावर ठरावीक वेळेला पोलीस उभा केला तर त्या कोपऱ्यावर फरक पडतो, हे नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे पोलीस नेमका कुठं उभा करायचा हे कळलं पायजे. आणि ते कोण सांगणार? चहाच्या टपरीवालाच की.

न्यूयॉर्कमध्ये कडक केलं म्हणूनच गुन्हे कमी झाले असं ऐकलंय.

अर्धं खरं आहे. १९८२ ला दोन अभ्यासकांनी 'फुटकी खिडकी' नावाचा सिद्धांत मांडला, म्हणजे इमारतीची एक खिडकी फुटलेली तशीच राहिली की बाकीच्या पण फुटतात, म्हणून बारीकसारीक बेशिस्त आधी आवरा. मूळ विचारात पायी फिरणारा ओळखीचा पोलीस होता बरं का. पण राबवताना त्याचं झालं काय, तर रस्त्यात दिसेल त्या पोराला अडवा आणि झडती घ्या. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी जवळपास ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना अडवलं, त्यातली बहुतेक पोरं काळी किंवा लॅटिनो, आणि दहातल्या जवळपास नऊ जणांवर ना अटक ना दंड, म्हणजे उगाचच अडवलेले. २०१३ ला कोर्टानं हे ज्या पद्धतीनं चाललंय ते घटनेच्या विरोधात आहे म्हणून सांगितलं. मग अडवणं एकदम खाली आलं, सगळे म्हणाले आता बघा रक्ताचे पाट वाहणार. २०११ ला तिथं पाचशेच्या वर खून झाले होते, २०१४ ला ३३३.

अडवलेली ती नऊ पोरं घरी जाऊन काय म्हणाली असतील याचा विचार करा. पुढं डोळ्यांदेखत काय घडलं तरी त्यातलं एक तरी पोरगं पोलिसांना फोन करेल का?

ते अमेरिकेचं राहू द्या, आपल्याकडं कुठं झालंय का असलं काही?

झालंय, आणि आपल्याच महाराष्ट्रात झालंय. भिवंडी. १९७० ला दंगल, १९८४ ला परत मोठी दंगल, भिवंडी म्हटलं की सरकारला घाम फुटायचा. १९८८ ला तिथं सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, दोन्ही समाजाची माणसं, नेते-पुढारी नव्हे तर साधी माणसं, आणि बीटवरचा पोलीस त्यांच्यात नियमित बसायचा. मग डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० माणसं मेल्याची नोंद आहे, आणि तिथनं जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. पुढं मुंबईत पण ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी अशा पोलिसांतल्याच मोठ्या माणसांनी पुढाकार घेऊन मोहल्ला कमिट्या केल्या.

केरळात २००८ पासून जनमैत्री म्हणून योजना आहे, तिथं बीटचा पोलीस घरोघरी जाऊन ओळख करून घेतो, नुसती गुन्हेगारांची यादी नाही, एकटी म्हातारी माणसं कुठं राहतात ते पण त्याला माहिती असावं लागतं. जपानमध्ये तर गल्लीच्या कोपऱ्यावर छोटी चौकी असते, कोबान म्हणतात, देशात अशा सहा हजाराच्या आसपास आहेत, तिथं लोक पत्ता विचारायला आणि हरवलेली छत्री द्यायला जातात. आपल्याकडं चौकीत पत्ता विचारायला जायची कुणाची टाप आहे?

आणि आबांना विसरू नका. आर. आर. पाटील, आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम त्यांनीच सुरू केली. बांधावरनं, पाण्यावरनं, भावकीतनं झालेली भांडणं गावातच मिटवायची आणि गाव तंटामुक्त झालं की बक्षीस. काही गावांनी बक्षिसासाठी कागद रंगवले हे मी स्वतः ऐकलंय, पण मला तरी ती मोहीम मनापासून आवडते, कारण पोलीस ठाण्याच्या पायरीवर जाऊन उभी राहणारी कितीतरी भांडणं मुळात गुन्हे नसतातच, ती रुसवे असतात. मात्र ती योजना गावासाठी होती. सांगली शहरातल्या संजयनगर किंवा शामरावनगरमध्ये तंटामुक्त कमिटी कुणी केलीय?

२००९ ला मिरजेत जे झालं त्यात बंदोबस्त नव्हता का?

होता. गणपतीत कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरनं पेटलं, दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी, मग सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत झळ गेली. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना अजून आठवतंय की घरात दूध नव्हतं आणि बाहेर बुटांचा आवाज होता.

खरं-खोटं कुणाचं यात मी पडत नाही, पण मला एकच गोष्ट खटकते. कमान काय एका रात्रीत उभी राहत नाही. सुतार, रंगारी, वर्गणीवाला, चहावाला, किती माणसांनी ती आधी बघितली असेल. कुरबूर कुठंतरी आधी चालू असणारच. ती कुरबूर ज्या माणसाच्या कानावर जायला पायजे त्याची आणि गल्लीची बोलीचाली असती तर दोन्हीकडच्या चार शहाण्या माणसांना बसवून काहीतरी निघालं असतं. कदाचित नसतंही निघालं. पण गाड्या भरून माणसं आणली ती पेटल्यानंतर.

तुलनाच करायची तर आपल्या जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंचच उंच ताबूत निघतात, हिंदू-मुसलमान दोघं खांद्याला खांदा लावून उचलतात, पोलीस तिथं पण असतो, पण तो सण अंगाखांद्यावर घेतलाय तो गावानं.

आता सगळं व्हॉट्सॲपवर पेटतं, मामाला काय कळणार?

बरोबर मुद्दा आहे. सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला सप्टेंबर २०२३ मध्ये एका पोस्टवरनं जमाव आला, प्रार्थनास्थळावर हल्ला, एका तरुणाचा जीव गेला, आणि मग जिल्ह्याचं इंटरनेट बंद. नेट बंद करणं म्हणजे आजच्या जमान्यातला बंदोबस्तच आहे की, सगळ्यांचं दार एकदम बाहेरनं लावायचं. त्या दिवसांत व्यापाऱ्यांचे पेमेंट अडकले, पोरांचे फॉर्म राहिले, ज्यांनी पेटवलं त्यांचं काय नुकसान झालं ठाऊक नाही.

पोस्ट फोनवर येते पण दगड उचलणारी पोरं गल्लीतलीच असतात, कुठल्या तरी कट्ट्यावर बसूनच निघालेली असतात. त्या कट्ट्यावर कुणाचं ऐकतात हे मामाला माहिती पायजे.

मग कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांना काय चहा पाजायचा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रागानं येतो. नाही पाजायचा. कोयता घेऊन नाचणाऱ्याला पकडा, मोक्का लावा, तडीपार करा, कायद्यात ढीगभर हत्यारं आहेत, वापरा. माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं धिंडीवर आहे. पोरांना पकडायचं, भर चौकातनं चालवत न्यायचं, लंगडत चाललेत त्याचा व्हिडिओ, मागं गाणं, आणि सगळे खाली लिहितात जय हो. मीसुद्धा एकदा लाईक केलाय, खोटं कशाला बोलू. पण धिंड काढा असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही, शिक्षा द्यायचं काम कोर्टाचं आहे. आणि दुसरं म्हणजे त्यानं होतं काय ते बघा. माझ्या मंडळातल्या एका पोरानं मला दाखवलं, धिंड निघालेल्या एकाचा तोच व्हिडिओ कापून, गाणं बदलून, त्याच्याच बगलबच्च्यांनी स्टेटसला ठेवला होता, भाऊ म्हणून. म्हणजे आपण ज्याला नाक कापणं समजलो ते त्याच्या दुनियेत सर्टिफिकेट झालं.

सोळा-सतरा वर्षांची पोरं त्यात कशी शिरतात हे बघितलंय मी. शाळा सुटलेली, कुपवाडच्या एमआयडीसीत चार महिने काम करून सोडलेलं, भाऊचा वाढदिवस, तलवारीनं केक. पहिल्या केकच्या वेळी कुणी त्याच्या बापाला जाऊन भेटलं तर अजून हातात असतं पोरगं. आमच्याकडं पूर्वी एक हवालदार होते, नाव नको, आता रिटायर झाले, ते असं पोरगं दिसलं की थेट आईकडं जायचे, मोठ्यानं ओरडायचे नाहीत, पाणी मागायचे आणि बसायचे. आमच्या गल्लीतला एकजण आज रिक्षा चालवतो तो त्या पाण्यामुळं, असं तो स्वतः सांगतो.

शांतता कमिटी असते की, तेच ना हे?

असायला पायजे होतं. सणाच्या आठ दिवस आधी हॉलमध्ये मीटिंग, पुढच्या रांगेत माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, दोन-चार कायमचे समाजसेवक, साहेबांचं भाषण, डीजे लावू नका, रात्री दहानंतर आवाज नको, मग एक वक्ता उठतो आणि प्रशासनाचे आभार मानतो, चहा, वडा, फोटो. मी सात-आठ मीटिंगांत एकदाच तोंड उघडलं, म्हणलं साहेब आमच्या बोळातला लाईट सहा महिने बंद आहे तिथं पोरं बसतात. साहेबांनी लिहून घेतलं. त्यानंतर चौथ्या महिन्यात लाईट लागला, ते पण वायरमन ओळखीचा निघाला म्हणून.

कम्युनिटी पोलिसिंगचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे, हे सांगितलंच पायजे. कम्युनिटी म्हणजे नेमकी कोण? दरवेळी तीच आठ माणसं बोलावली तर ती माणसं पोलिसांच्या ओळखीचा धंदा करतात, माझं साहेबांशी बोलणं आहे म्हणून. झोपडपट्टीतली बाई, हातगाडीवाला, मार्केट यार्डातला हमाल, बाहेरनं आलेला कामगार यातलं कुणी त्या हॉलमध्ये नसतं, आणि त्रास तर त्यांनाच जास्त असतो.

मग लोकांनीच काठ्या घेऊन गस्त घातली तर?

चोऱ्या वाढल्या की ही टूम निघतेच. गावागावांत ग्रामसुरक्षा दल असतं, महाराष्ट्र पोलीस अधिनियमात त्याची तरतूद आहे, पोलिसांना सांगून, नावं देऊन, शिट्ट्या घेऊन गस्त घाला, हरकत नाही. पण पोलिसांशिवाय आपली आपण घातलेली गस्त कुठं जाते ते आपण आपल्याच जिल्ह्यात बघितलंय. सप्टेंबर २०२२ ला जत तालुक्यात लवंग्याला उत्तर प्रदेशातनं आलेल्या चार साधूंना पोरं पळवणारे समजून लोकांनी पट्ट्या-काठ्यांनी मारलं. नशीब म्हणून वाचले. धुळ्याला राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला असल्याच अफवेवरनं पाच माणसं गेली.

काहीजण लगेच प्रतिसरकारचं उदाहरण देतात. बरोबर आहे, १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सातारा-सांगलीच्या गावागावांत न्यायनिवाडे केले, दरोडेखोरांना आवर घातला, तुफान सेना उभी केली, कुंडलचं नाव अजून त्यासाठी घेतलं जातं. पण तेव्हा सरकार परक्याचं होतं. आणि तळपायावर पत्र्या मारायच्या शिक्षेचा अभिमान सांगताना, आज ती काठी कुणाच्या हातात जाईल हे पण बघा की.

नाकाबंदीत अडवलं तर काय करायचं?

थांबा, हेल्मेट काढा, कागद दाखवा, डिजिलॉकरमधले कागद चालतात. हुज्जत घालू नका. गाडीची चावी काढून घ्यायचा अधिकार कुठं लिहिलेला नाही पण चावीवरनं भांडायची ती जागा पण नव्हे, नाव-बक्कल नंबर बघून ठेवा आणि नंतर लेखी तक्रार द्या.

लॉकडाऊनमध्ये, मार्च २०२० ला इस्लामपूरला एकाच घरातनं पेशंट वाढले आणि सगळा जिल्हा हादरला होता, तेव्हा माझा भाचा आजीचं बीपीचं औषध आणायला गेला आणि पायावर दोन वळ घेऊन आला. चिठ्ठी खिशातच होती, विचारलंच नाही कुणी. कुठले पोलीस ते लिहीत नाही, त्यांनाही त्या दिवसांत झोप नव्हती. पण त्या पोराला आज पण खाकी दिसली की रस्ता बदलतो, आणि तो कुठला गुंड नाही, इंजिनिअर आहे.

व्हिडिओ काढला तर ३५३ लावतात म्हणे?

३५३ आता राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत ते कलम १३२ झालंय, पण भीती तीच. ते कलम सरकारी कर्मचाऱ्यावर हात टाकल्याचं, बळ वापरल्याचं आहे. लांब उभं राहून शूट करणं म्हणजे हात टाकणं नव्हे. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं प्रतिबंधित ठिकाण नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ ला सांगितलंय, म्हणजे तिथं शूट केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा लागत नाही. मात्र फोन तोंडाजवळ नेऊन कॉमेंट्री करू नका राव, तिथं तुमचा मुद्दा संपतो आणि त्यांचा चालू होतो.

पेपरात दर पंधरा दिवसांनी जमावबंदी आदेश येतो, म्हणजे चौघं उभं राहायचं पण नाही?

तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश. शस्त्रं बाळगू नका, पाचजणांनी जमून सभा-मोर्चा काढू नका, विनापरवाना घोषणा नको, असं असतं. सरकारच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांच्या वर चालत नाही म्हणून परत परत निघतो. लग्नाला, तिरडीला, कट्ट्यावर भेळ खायला तो लागू होत नाही, काळजी करू नका. पण बाराही महिने चालू असलेल्या आदेशाचा धाक कुणाला राहतो सांगा. पेपरातल्या निविदेसारखा तो पण नजरेआड होतो.

तक्रारच घेत नाहीत, नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) करतात, मग विश्वास कसला ठेवायचा?

खरंय. कम्युनिटी पोलिसिंगची पहिली पायरी माझ्या मते ठाणे अंमलदाराचं टेबल आहे. तिथं माणसाशी कसं बोलतात यावर सगळं ठरतं. कायद्यानं दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हद्द दुसरी असली तरी झिरो नंबरनं घ्यावा लागतो, कॉपी फुकट द्यावी लागते. नाहीच घेतला तर एसपींना लेखी, तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. ऑनलाईन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तातडीला ११२.

२०१७ चं प्रकरण झाल्यावर सांगलीत पोलिसांवर कोण विश्वास ठेवणार?

नोव्हेंबर २०१७. लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण कोठडीत मारहाणीत गेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, मग पोलिसांनाच अटक झाली, तपास सीआयडीकडं गेला. आधी पळून गेला म्हणून सांगण्यात आलं होतं. त्या आठवड्यात बंद होता, लोक रस्त्यावर होते, आणि ज्या चौकात आपण पोलिसांना बघून निवांत व्हायचो तिथं लोक त्यांच्याकडं बघून थुंकत होते.

हे विसरून या विषयावर बोलताच येत नाही. विश्वास ठेवा म्हणून भाषण देऊन विश्वास येत नसतो. डी. के. बसू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९९६ लाच सांगितलंय, अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव पायजे, अटकेचा पंचनामा पायजे, घरच्यांना कळवलं पायजे. डिसेंबर २०२० ला सांगितलं प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरा पायजे. प्रकाश सिंह प्रकरणात २००६ ला सांगितलं पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण पायजे, ते राज्याचं आपल्याकडं आहे. कॅमेरा चालू आहे का, नाव छातीवर आहे का, हे विचारणं म्हणजे पोलिसांच्या विरोधात जाणं नव्हे. चांगल्या पोलिसाला त्याचाच आधार होतो.

तुम्ही पोलिसांची बाजू घेतच नाही.

घेतो की. बारा-बारा तास ड्युटी, वर बंदोबस्त. व्हीआयपी आला बंदोबस्त, मॅच जिंकली बंदोबस्त, आंदोलन, यात्रा, निवडणूक, निकाल, सगळ्याला बीटवरची माणसं उचलून नेतात. कागदावर आपल्याकडं बीट आहे, बीट अंमलदार आहे, गावात पोलीस पाटील आहे, १९६७ चा कायदा आहे त्यासाठी, गोपनीयचा (खबर काढणारा) माणूस आहे. नवीन काही आणायची गरजच नाही खरं तर. फक्त तो अंमलदार आपल्या बीटमध्ये कधी नसतोच, आणि गल्ली ओळखीची झाली की बदली होते. पोलिसांच्या बोधचिन्हावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' लिहिलंय, आता सद् कोण आणि खल कोण हे ओळखायला तरी त्या माणसाला गल्लीत वेळ द्या.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, मारुती चौकात बोटी, माझ्या दुकानात साखरेचं पाणी. तेव्हा याच पोलिसांना छातीभर पाण्यात म्हाताऱ्या माणसांना उचलताना बघितलंय, आणि कुठल्या घरात कोण अडकलंय हे सांगायला गल्लीतली पोरं पुढं, तीच पोरं ज्यांना गणपतीत काठ्या पडतात. ते आठ दिवस कुणी कुणाला साहेब म्हणत नव्हतं.

बायकांना काय पायजे, विचारलंय का कधी?

बायकोला विचारलं. म्हणाली, पन्नास पोलीस उभे असले की मी तो रस्ता टाळते, आज काहीतरी आहे म्हणून. पण कॉलेज कॉर्नरला एक लेडीज पोलीस रोज दिसायची, तिच्याशी बोलायला पोरी जायच्या. ती सध्या कुठं असते विचारलं तर म्हणाली, बंदोबस्ताला.

आमच्या बीटचा अंमलदार कोण हे कसं कळणार?

ठाण्यात जाऊन सरळ विचारा. सांगलीत आयुक्तालय नाही, एसपींच्या खाली ठाणी, ठाण्यात बीट, कुठल्या बीटला कोण हे तिथं ठरलेलं असतं. नाव आणि नंबर घ्या, गल्लीच्या ग्रुपवर टाका, आणि एकदा तक्रार नसताना फोन करा. मी केला होता. समोरनं पहिला प्रश्न आला, काय झालं? म्हणलं काय नाही, ओळख करून घ्यायला केला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मी आत्ता बंदोबस्तात हाय, संध्याकाळी दुकानावरनं जातो.

आले. साडेआठला आले, पाणी प्यायले, बोळातल्या लाईटचं विचारलं.